कामाची गोष्ट सांगायची कोणी?



ज्या गावात आपण बसलो आहोत, त्या गावाच्या शिवारात ११ ऑक्टोबर १७२४ रोजी एक मोठी लढाई झाली. एका बाजूला निजाम-उल-मुल्क, दुसऱ्या बाजूला मुबारिझखान. मराठ्यांची फौज निजामाच्या बाजूनं उभी होती. मुबारिझखान पडला, निजाम जिंकला आणि हैदराबादच्या आसफजाही राज्याचा रस्ता या मैदानातून मोकळा झाला. जिंकणाऱ्यानं गावाचं नाव बदलून फत्तेखेर्डा ठेवलं. कागदपत्रांत ते नाव पुढे बराच काळ चाललं. लोकांच्या तोंडी मात्र साखरखेर्डाच राहिलं.

शाळेत आपण ही लढाई दोन सरदारांची म्हणून शिकतो. पण मंडळी, त्या दिवशी मैदानात दोनच माणसं होती का? हजारो घोड्यांची वैरण कोणी कापली? तोफा ओढणाऱ्या बैलांच्या मागं कोण चाललं? ऑक्टोबर महिना म्हणजे या भागात ज्वारी उभी असते. कोणाची ज्वारी तुडवली गेली? जखमींना पाणी कोणी पाजलं, आणि दुसऱ्या दिवशी ते मैदान साफ कोणी केलं? या कामांची एकही ओळ बखरीत सापडत नाही. कामं झाली हे नक्की, कारण त्या कामांशिवाय लढाई होऊच शकत नाही. पण ती कामं करणाऱ्यांना कोणी विचारलं नाही की बाबा, त्या दिवशी काय झालं ते तू सांग.

लढायांवर मी आज बोलणार नाही. मला बोलायचं आहे ते या न विचारण्याबद्दल. कारण ते १७२४ मध्ये संपलेलं नाही. आपल्या कार्यालयात, बचत गटात, सोसायटीत, शाळेच्या स्टाफरूममध्ये ते रोज चालतं. आपण काम वाटून घ्यायला शिकलो. मजुरीसाठी भांडायलाही शिकलो. झालेल्या कामाची गोष्ट सांगायचा हक्क मात्र एकाच माणसाकडे राहतो. कधी तो मालक असतो, कधी मुकादम, कधी साहेब, कधी संस्थेचा सचिव, आणि घरात असला तर कर्ता पुरुष. माझं म्हणणं असं आहे की हा हक्क जोवर वाटला जात नाही, तोवर एकत्र काम करणं म्हणजे नुसतं एका जागी राबणं. ज्या दिवशी गोष्ट सांगायची पाळी सगळ्यांना मिळते, त्या दिवसापासून सत्ता वाटली जायला लागते.

पहिला मुद्दा आपल्या वावरातूनच घेतो.

निंदणाला बसलेल्या बाया तुम्ही पाहिल्या आहेत. इथं बसलेल्या कित्येक जणी उद्या सकाळी जातीलही. प्रत्येकीची एक पात असते. आठ-दहा जणी शेजारी शेजारी पातीवर बसतात आणि हात चालू असताना कोणीतरी सांगायला लागते. लेकीच्या सासरचं, दवाखान्यातलं, रेशनच्या दुकानातलं. आता नीट बघा. एखादी मागं पडली तर तिला गोष्ट ऐकू येत नाही. मग शेजारची तिच्या पातीत दोन हात मारते आणि तिला बरोबरीला आणते. यासाठी कोणी हुकूम देत नाही, यादीत तसं लिहिलेलं नसतं. गोष्ट सगळ्यांनी ऐकायची आहे, म्हणून सगळ्यांनी एका रेषेत राहायचं. मुकादम ओरडून जी रेषा राखतो, तीच रेषा या बाया गोष्टीनं राखतात. फरक एवढाच की ओरडण्यानं मागं पडलेलीचा अपमान होतो, आणि गोष्टीनं तिला हात मिळतो.

आपल्याकडे सावड होती. काही घरांत अजून आहे. ज्याच्याकडे एकच बैल, त्यानं दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करायची, म्हणजे दोघांचं मिळून औत. आज तुझ्या वावरात, उद्या माझ्या वावरात. या व्यवहाराला कागद नव्हता. कोणाचे किती दिवस झाले, कोणाचे राहिले, हे संध्याकाळी ओट्यावर बसून बोलण्यातूनच ठरायचं. बोलणं बंद पडलं की सावड मोडायची. म्हणून मला सावड फार मोलाची वाटते. पण तिचं गुणगान करताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. सालगड्याशी सावड कोणी केली? गावकुसाबाहेरच्या माणसाशी कोणी केली? साल ठरवताना मालक बोलायचा, सालदार मान हलवायचा. ज्याच्याजवळ बैल नाही, वावर नाही, त्याला ओट्यावर जागाही नव्हती आणि बोलायची पाळीही नव्हती. सावडीतली बरोबरी ही ज्यांच्याकडे थोडंफार होतं त्यांच्यातली बरोबरी होती. हे मान्य केल्याशिवाय आपण पुढे गेलो तर आपणही बखरकारासारखंच करू.

आणि जातं? जात्याचा खुंटा दोघींनी धरायचा. दोघी समोरासमोर. एकीनं ओवी सुरू केली की दुसरीनं ती उचलायची, नाहीतर तिला आपली जोडायची. हे गाणं कोणी ऐकावं म्हणून गायलेलं नव्हतं. घरातले सगळे झोपलेले असायचे, पहाटेची वेळ, आणि दळणाऱ्या दोघींशिवाय ऐकणारं कोणी नाही. म्हणूनच त्या ओव्यांत एवढं खरं आलं. रामायण आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. जात्यावरचं रामायण सीतेच्या बाजूनं सांगितलेलं असतं. तिथं वनवास हा मुख्यतः सीतेचा. राजवाड्यात काय चाललं यापेक्षा गरोदर बाईला रानात सोडल्यावर तिचं काय झालं, हे त्या बायांना जास्त महत्त्वाचं वाटलं. का वाटलं? कारण रानात एकटं पडणं म्हणजे काय, हे दळणाऱ्या बाईला ठाऊक होतं. कथा सगळ्या देशाची होती. सांगणारी बदलली आणि कथेचा मध्य बदलला.

पुण्याजवळच्या मुळशी भागात हेमा राईरकर आणि गी पॉइटविन हे दोघं गरीब डोंगरी संघटनेचं काम करत होते. पॉइटविन मूळचे फ्रान्सचे, पण आयुष्य इथं घालवलेले. डोंगरातल्या बायांना संघटनेच्या बैठकीला बोलवलं तर त्या बोलेनात. भाषण त्यांना परकं. पण ओव्या म्हणा म्हटल्यावर त्या थांबेनात. तिथून एक प्रचंड काम उभं राहिलं. महाराष्ट्राच्या शेकडो गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, आणि सांगणाऱ्या बाईचं नाव, तिचं गाव तिच्या ओवीजवळ लिहून ठेवलं गेलं. त्या नाव लिहिण्याला मी फार मानतो. आपल्याकडे लोकगीत म्हटलं की ते कोणाचंच नाही असं धरून चालायची सवय आहे. इथं गाणारी बाई मालकीण म्हणून नोंदली गेली. आणि या ओव्या कपाटात गेल्या नाहीत. संघटनेतल्या बाया त्या एकमेकींना म्हणून दाखवत, त्यावर बोलत, माझ्याही घरी असंच आहे म्हणत. एकीचं दुःख दुसरीच्या ओळखीचं निघालं की त्याला वेगळं बळ येतं. मग ते नशीब उरत नाही, तो प्रश्न होतो. आणि प्रश्न झाला की त्यावर एकत्र काही करता येतं.

याच जिल्ह्यातल्या एका बाईचं नाव इथं घेतो आणि पुढे जातो. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८२ मध्ये त्यांचं ‘स्त्रीपुरुष तुलना’ पुण्यात छापलं गेलं. सुरतेच्या एका विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रं सगळ्या बाईजातीची गोष्ट सांगत सुटली होती, तेव्हा ताराबाईंनी ती गोष्ट आपल्या हातात घेतली. मग ते पुस्तक जवळपास नाहीसं झालं आणि १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणलं. त्र्याण्णव वर्षं एका वऱ्हाडातल्या बाईचा आवाज बंद राहिला. आपल्या शाळांतून हे शिकवलं जातं का, मुलींनो? नसेल तर तुम्ही विचारा.

आता दुसरं. गोष्ट सांगणं म्हणजे एकानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, असा आपला समज आहे. साखरखेर्ड्याला कीर्तन नवीन नाही. प्रल्हाद महाराजांचं हे गाव, पळसिद्धांचा मठ इथं. तुमचे कान कीर्तनावर तयार झालेले आहेत. म्हणून गाडगेबाबांचं उदाहरण तुमच्यासमोर ठेवायला मला बरं वाटतं.

गाडगेबाबा १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मले. गावात आले की आधी खराटा हातात. दिवसभर गाव झाडायचं, नाल्या काढायच्या. आणि संध्याकाळी कीर्तन. हा क्रम लक्षात घ्या. ज्याच्या हातात दिवसा खराटा होता, तोच रात्री बोलत होता. कामाची गोष्ट काम करणाऱ्याच्या तोंडून. आणि कीर्तन कसं? ते प्रश्न विचारायचे. देव किती आहेत, कर्ज काढून सण करावा का, पोराला शाळेत घालता का, दारू प्यावी का. समोरचे हजारो लोक उत्तर द्यायचे. उत्तर चुकलं तर बाबा आणखी एक प्रश्न विचारायचे, आणि लोक आपलं उत्तर आपणच दुरुस्त करायचे. आयुष्याच्या शेवटच्या महिन्यांत, १९५६ साली, मुंबईत झालेलं त्यांचं कीर्तन ध्वनिमुद्रित झालेलं आहे. ते मिळवून ऐका. त्यात अर्धा आवाज लोकांचा आहे. मी कितीतरी सभा पाहिल्या जिथं वक्ता म्हणतो की ही चळवळ तुमची आहे, आणि तासभर लोकांना एक शब्द बोलू देत नाही. बाबांनी लोकांना अर्धं कीर्तन देऊन टाकलं होतं. धर्मशाळा, गोशाळा, शाळा जी कामं पुढे उभी राहिली, ती ज्यांनी आपल्या तोंडानं उत्तर दिलं होतं त्या लोकांच्या हातानं उभी राहिली.

हे फक्त कीर्तनात होतं असं नाही. कारखान्यातही झालेलं आहे. १८६५ मध्ये क्यूबा देशातल्या हवाना शहरात सिगार वळणाऱ्या कामगारांनी एक पद्धत सुरू केली. काम हातांचं, कान मोकळे. तर एकानं सगळ्यांना वाचून दाखवायचं. सकाळी वर्तमानपत्र, दुपारी कादंबरी. वाचणाऱ्याचा पगार कामगार आपल्या कमाईतून द्यायचे. काय वाचायचं हेही तेच ठरवायचे. पुढच्याच वर्षी सरकारनं यावर बंदी घातली. वाचन सरकारला का खुपलं असेल? कारण कामगारांच्या कानावर जगातल्या बाकी कामगारांची हकिकत पडायला लागली होती.

आपल्या देशात केरळातल्या कण्णूर भागात विडी कामगारांनी अगदी असंच केलं. एकानं पेपर वाचायचा आणि बाकीच्यांनी आपल्या वाट्याच्या थोड्या विड्या त्याच्या नावावर वळायच्या. वाचता वाचता चर्चा, चर्चेतून युनियन. आणि विडी कामगारांच्या कायद्यानंतर मालकांनी कारखाने बंद केले, तेव्हा १९६९ मध्ये त्याच कामगारांनी दिनेश विडी ही आपली सहकारी संस्था उभी केली. रोज पेपर ऐकून संस्था चालवता येते असं मी म्हणत नाही. पण ज्यांनी वर्षानुवर्षं वाचणारा आपणच निवडला, वाचायचं काय ते आपणच ठरवलं, आणि ऐकलेल्यावर आपसात वाद घातला, त्यांना संचालक मंडळ निवडताना पहिल्यांदाच मत देतोय असं वाटलं नसेल. सत्ता चालवायचा सराव त्यांनी विड्या वळता वळता केला होता.

मुंबईचंही एक सांगतो, थोडक्यात. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली, जून १८९० मध्ये. हे आपल्याला ठाऊक असतं. त्याआधी एप्रिलमध्ये महालक्ष्मीला जी दहा हजार कामगारांची सभा झाली, तिच्यात दोन कामगार बायका उठून बोलल्या. १८९० साली, दहा हजार माणसांसमोर! त्यांची भाषणं आपल्याला पूर्ण मिळत नाहीत. पण त्या बोलल्या एवढी नोंद तरी राहिली. रविवारची सुट्टी आपण सगळे घेतो. त्या दोघींची आठवण कोणी काढत नाही.

आता मी ज्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वेळ घेणार आहे तिथं येतो. तो मुद्दा म्हणजे मस्टर.

मस्टर काय असतं हे या भागात कोणाला सांगायची गरज नाही. १९७२ च्या दुष्काळानं ते आपल्याला शिकवलं. खडी फोडायला गेलेल्या माणसांची पिढी अजून आपल्यात आहे. रोजगार हमी ही कल्पना महाराष्ट्रानं देशाला दिली. वि. स. पागे यांचं त्यामागं मोठं श्रेय, १९७७ मध्ये त्याचा कायदा झाला. पण काम मिळालं, तरी कामाची नोंद कोणाच्या हातात? नोंदवहीत नाव कोणी लिहायचं, मोजमाप कोणी घ्यायचं, अंगठा कुठं उठवायचा? दिवसभर दगड फोडणारी बाई संध्याकाळी एका कागदावर अंगठा उठवायची आणि त्या कागदावर काय लिहिलं आहे हे तिला कोणी वाचून दाखवत नव्हतं. तिच्या घामाची गोष्ट तिच्याच अंगठ्यानं दुसरा कोणी सांगत होता.

यावरचं उत्तर राजस्थानातल्या लोकांनी शोधलं. १ मे १९९० रोजी तिथं मजदूर किसान शक्ती संघटन स्थापन झालं. दुष्काळी कामांवर ठरलेली मजुरी मिळत नव्हती. विचारलं की उत्तर मिळायचं, मोजमापात तुमचं काम कमी भरलं. मग लोकांनी मस्टर दाखवा म्हटलं. तर ते सरकारी गुपित. शेवटी डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराणा या गावी पहिली जनसुनावणी भरली. मांडव टाकला, माईक लावला आणि मिळालेली कागदपत्रं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. अमक्याचं नाव, इतके दिवस काम, इतकी मजुरी दिली. ज्याचं नाव वाचलं तो गर्दीतून उठायचा. मी त्या कामावर गेलोच नाही. मला एवढे पैसे मिळालेच नाहीत. पुढच्या सुनावण्यांत तर मेलेल्या माणसांची नावं निघाली, कागदावर बांधून झालेल्या पण जमिनीवर नसलेल्या इमारती निघाल्या.

मंडळी, मी या प्रसंगाचा विचार करतो तेव्हा थरारून जातो. तिथं काय घडलं बघा. कोणी शस्त्र उचललं नाही. कोणी साहेबाला शिवी दिली नाही. फक्त दोन गोष्टी समोरासमोर ठेवल्या. एक कागदाची गोष्ट, आणि एक राबणाऱ्याची गोष्ट. आणि ऐकायला सगळं गाव. एकट्या बाईनं तहसीलमध्ये जाऊन हेच सांगितलं असतं तर तिला हाकलून दिलं असतं. पण गावासमोर, एकामागून एक, दहा जणांनी सांगितल्यावर कागद खोटा पडला. इथूनच माहितीच्या अधिकाराची मागणी देशभर गेली. महाराष्ट्रात त्यासाठी वेगळं आंदोलन झालं, आपल्या राज्याचा कायदाही आधी झाला, आणि २००५ मध्ये तो अधिकार साऱ्या देशाला मिळाला. त्याच वर्षीच्या रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात ग्रामसभेनं सामाजिक अंकेक्षण करायचं असं आलं. सामाजिक अंकेक्षण म्हणजे काय? गावानं बसून कामाची नोंद मोठ्यानं वाचायची आणि काम करणाऱ्यांनी तिला खरं किंवा खोटं म्हणायचं. कायद्यानं दिलेला हा हक्क आहे. आपल्यातल्या किती जणांनी तो वापरला?

कोणी म्हणेल, हे सगळं मजुरांचं झालं. शिकलेल्यांच्या कामात असं कुठं असतं? असतं. ज्युलियन ऑर नावाचे एक अभ्यासक होते. १९८० च्या दशकात त्यांनी झेरॉक्स कंपनीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या तंत्रज्ञांसोबत राहून अभ्यास केला. कंपनीनं या लोकांना जाड पुस्तकं दिली होती. हा बिघाड आला तर हे करा, तो आला तर ते करा. पुस्तक लिहिणारे वरचे लोक, पाळणारे खालचे लोक. प्रत्यक्षात ऑर यांना दिसलं की अवघड बिघाड पुस्तकानं सुटत नाहीत. सकाळी नाश्त्याला हे तंत्रज्ञ जमायचे आणि एकमेकांना आपापल्या यंत्रांच्या हकिकती सांगायचे. एका जागी असं झालं, मी हे करून पाहिलं, ते फसलं, मग असं केलं. दुसरा म्हणायचा, माझ्याकडे जरा वेगळं झालं. या बोलण्यातून जे ज्ञान तयार होत होतं, ते कोणत्याही पुस्तकात नव्हतं. वरिष्ठांच्या हिशोबात ही वेळ म्हणजे गप्पा, म्हणजे वाया गेलेला वेळ. पुढे त्या कंपनीनं एक व्यवस्था उभी केली, ज्यात तंत्रज्ञांनी शोधलेल्या युक्त्या इतर तंत्रज्ञांनी तपासायच्या आणि सगळ्यांना खुल्या करायच्या. आणि युक्तीवर शोधणाऱ्याचं नाव. पुन्हा नाव, बघा. जात्यावरच्या ओवीजवळ नाव, आणि यंत्राच्या दुरुस्तीजवळ नाव.

इथं मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. त्या नाश्त्याच्या वेळी सगळ्यात उपयोगी गोष्टी कोणत्या ठरायच्या? फसलेल्या. मी हे केलं आणि बिघाड वाढला, ही हकिकत ऐकणाऱ्याचे चार तास वाचवते. पण फसलेली गोष्ट माणूस कधी सांगतो? ऐकणारे बरोबरीचे असतील तेव्हा. समोर पगार ठरवणारा बसला असेल तर कोणी सांगत नाही. आपल्या शाळेत शिक्षक मुख्याध्यापकांसमोर म्हणतात का की या वर्गाला मला गणित शिकवता आलं नाही? आशाताई बैठकीत म्हणतात का की त्या वस्तीत माझं कोणी ऐकत नाही? त्या म्हणत नाहीत, कारण त्यांना ठाऊक आहे की ती गोष्ट मदतीसाठी वापरली जाणार नाही, त्यांच्याविरुद्ध वापरली जाईल. म्हणून वर जाणाऱ्या अहवालात सगळं चांगलं असतं, आणि वस्ती आहे तिथंच राहते.

यातूनच तिसऱ्या मुद्द्यावर येतो. तो कडू आहे. गोष्टीची ताकद आता सगळ्यांना कळली आहे. कंपन्यांना कळली, सरकारला कळली, आम्हा लिहिणाऱ्यांनाही कळली. आणि म्हणून गोष्ट काढून घेतली जाते.

‘यशोगाथा’ हा प्रकार तुम्ही वाचला असेल. बचत गटांच्या पुस्तिकांत, कार्यालयांच्या भिंतींवर. गेल्या काही दशकांत महिला आर्थिक विकास महामंडळानं, नंतर उमेद अभियानानं गावोगावी बायकांचे गट उभे केले. त्या कामाबद्दल मला आदर आहे. या गटांनी बायकांना बँकेच्या दारात उभं केलं, सही करायला लावली. पण यशोगाथा कशी लिहिली जाते? आधी गरिबी होती, नवरा दारू प्यायचा. मग योजना आली, कर्ज मिळालं, शिलाई मशीन किंवा शेळ्या आल्या. आता दोन लेकरं इंग्रजी शाळेत. खाली फोटो. वाचा दहा, दहाही सारख्या. का सारख्या? कारण सांगणारी वेगवेगळी असली तरी लिहिणारा एकच असतो आणि त्याला काय हवं ते आधीच ठरलेलं असतं.

मी अशा गटांच्या बैठकींना बसलो आहे. खरी गोष्ट काय असते सांगू? दोघींनी हप्ता थकवला, तेव्हा गट फुटायला आला होता. अध्यक्षबाईच्या घरी बैठक असल्यामुळे एका वस्तीतल्या बाया यायला कचरत होत्या, मग बैठक शाळेच्या व्हरांड्यात हलवली आणि त्यावर महिनाभर अबोला झाला. एकीच्या शेळ्या मेल्या आणि बाकीच्यांनी तिचा हप्ता भरला. भरायचा की नाही यावर रात्री अकरापर्यंत वाद चालला. हे भांडण, हा अबोला, हा अकरापर्यंतचा वाद, हीच त्या बायांची खरी कमाई आहे. सत्ता कशी वाटायची हे त्या तिथं शिकल्या. यशोगाथेतून नेमकं तेवढंच गळतं. उरते ती एक लाभार्थी. जिनं निर्णय घेतले, तिला फक्त मिळालं असं लिहिलं जातं.

म्हणून गोष्ट सांगायला लावणं आणि गोष्ट सांगायचा हक्क देणं यांत फरक करायला शिका. कोणी तुम्हाला तुमची कहाणी विचारली तर तीन गोष्टी विचारा. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवाल का? मला त्यात बदल करता येईल का? आणि माझ्या गोष्टीवरून काय ठरवणार आहात, ते ठरवताना मी तिथं असेन का? तिसऱ्या प्रश्नाला नाही असं उत्तर आलं, तर ती तुमच्याकडून नेलेली वस्तू आहे, तिचा मोबदला मागा.

मग करायचं काय? मी उपदेश देणार नाही, पण काही साध्या गोष्टी करून बघण्यासारख्या आहेत. कोणत्याही बैठकीत ज्यानं हातानं काम केलं त्यानं आधी बोलायचं, पद असलेल्यानं शेवटी. सरपंच, मुख्याध्यापक, अध्यक्ष आधी बोलले की बाकीच्यांना फक्त होकार उरतो. दुसरं, कार्यवृत्त लिहायची पाळी फिरती ठेवायची. लिहिता येत नसेल त्यानं सांगायचं, दुसऱ्यानं लिहायचं. आणि बैठक उठायच्या आत ते मोठ्यानं वाचायचं. कोरं पान सोडून खाली सह्या घ्यायची जी रीत आहे, ती बंद. तिसरं, दर बैठकीत एक फसलेलं काम सांगायचं आणि ते सांगणाऱ्याला त्यावरून कधीही बोल लावायचा नाही, असं आधी ठरवायचं.

वेळ जाईल, भांडणं होतील, असं लगेच म्हटलं जातं. वेळ जातोच. गडचिरोली जिल्ह्यात मेंढा नावाचं गोंडांचं छोटं गाव आहे, लेखा गावाजवळचं. तिथली ग्रामसभा बहुमतानं निर्णय घेत नाही, सर्वसहमतीनं घेते. एकाचाही विरोध असला तर विषय पुढे ढकलायचा, पुन्हा बोलायचं. त्याशिवाय गावाचा अभ्यासगट आहे. त्यात निर्णय घ्यायचा नसतो, फक्त बोलायचं, ऐकायचं, समजून घ्यायचं. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत लोकांसोबत वर्षानुवर्षं सांभाळली. बाहेरच्याला वाटावं की हे लोक नुसतेच बोलत बसतात. पण वनहक्क कायदा आला तेव्हा आपलं जंगल कुठवर, कोण काय आणतं, कोणत्या वाटेनं जातं, हे त्या गावाला एकमेकांना सांगून सांगून पाठ होतं. २००९ मध्ये सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढा होतं. २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा पास ग्रामसभेच्या हातात आला आणि बांबू विकण्याचा अधिकार गावानं प्रत्यक्ष वापरला. ज्या गावांत पटकन हात वर करून ठराव होतात, त्यांचा वेळ वाचतो. त्या वाचलेल्या वेळात त्यांनी काय मिळवलं, हे आपण शोधून बघावं.

शेवटी माय-माउल्यांना एक सुचवतो. ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा झाली पाहिजे, असं आपल्या राज्याचा कायदा सांगतो. ती कागदावर होते की खरी होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पुढच्या महिला सभेत एकच विषय घ्या. गेल्या वर्षी गावात झालेलं कोणतंही एक काम. रस्ता असो, पाण्याची टाकी असो, अंगणवाडीची भिंत असो. त्या कामावर मजुरीला गेलेल्या बायांना सांगू द्या की काम कसं झालं. रोज पाण्याला जाणाऱ्यांना सांगू द्या की नळाला पाणी किती वाजता येतं आणि कोणत्या वस्तीत येतच नाही. ज्या वस्तीची बाई आली नसेल, तिला बोलवायला माणूस पाठवा आणि ती येईपर्यंत थांबा. कॉलेजातल्या मुलींनो, लिहायचं काम तुम्ही घ्या. ज्या शब्दांत सांगितलं त्याच शब्दांत लिहा, सुधारू नका. सांगणारीचं नाव घाला, आणि तिला घालायचं नसेल तर घालू नका. लिहिलेलं सगळ्यांना वाचून दाखवा. मग ग्रामसभेत ग्रामसेवक त्या कामाचा हिशोब वाचतील, त्याच्याच पुढे तुमचं पान वाचायला लावा, आणि इतिवृत्ताला दोन्ही कागद जोडल्याशिवाय उठू नका.